येळवशीच्या दिवशीची तपासणी

हल्ली पेपरात 'जैवविविधता', 'हवामान बदल' असले शब्द दिसले की मला आधी हसू येतं आणि मग डोकं तापतं. हसू यासाठी, की परभणीत राहून ऐन उमेदीची वर्षं मी हेच काम केलं आणि तेव्हा त्याला नुसतं झाडं मोजणं म्हणायचे. माझी सासू शेजारणींना ऐटीत सांगायची, "आमची सून सरकारची झाडं मोजती." आणि शेजारीण गेली की मला हळूच विचारायची, "झाडं मोजायचा पगार देतेत व्हय गं?" डोकं का तापतं, ते सांगायला मात्र जरा वेळ लागेल.

बाहेरच्या देशातून पैसा आला होता. त्यातून गायरानांवर, म्हणजे गावाच्या सामायिक चराईच्या जमिनींवर, झाडं लावायची, उघडे माळ झाकायचे, पाऊसपाणी सुधारायचं, असा मोठा बेत होता. लावणारे वेगळे आणि तपासणारे आम्ही वेगळे. आमच्या खोलीवर 'संनियंत्रण व मूल्यमापन' अशी पाटी होती. तिचा उच्चार आमच्या शिपायाला शेवटपर्यंत जमला नाही आणि अर्थ आमच्या अधिकाऱ्यांना. अधिकारी तसे माणूस म्हणून वाईट नव्हते. फक्त वरून कुणी आलं की त्यांचा पाठीचा कणा कुठं जायचा, ते मला कधी कळलं नाही.

मी बसनं, जीपनं, नाहीतर कुणाच्या बैलगाडीतनं सेलूपासून सोनपेठपर्यंत हिंडायचे. गायरानावर जायचं, खड्डे बघायचे, किती रोपं जगली ते लिहायचं. जगलेली कमीच. तपासणीच्या आदल्या दिवशी लिंबाच्या, म्हणजे कडुलिंबाच्या, फांद्या तोडून खड्ड्यांत रोवून ठेवायच्या, हा तर ठरलेलाच खेळ. मी एखादी फांदी उपटून दाखवली की सरपंच माझ्याकडं असा बघायचा, जशी काही मीच ती मारली. मग चहा मागवायचा. मी चहा प्यायचे, तक्त्यात शून्य लिहायचे आणि पुढची बस धरायचे.

एकच गायरान असं होतं, की तिथं गेल्यावर माझा जीव थंड व्हायचा. सोनपेठकडचं, गोदावरीपासून जरा आत. मुरमाड माळ, पण त्यावर लिंब, बाभूळ, बोर डोक्याच्या वर गेली होती. झाडांच्या मधे गवत एवढं माजलं होतं, की पायाखालनं तितर उडाले की दचकायला व्हायचं. एकदा तर भर दुपारी काळविटं बसलेली दिसली आणि मी खुळ्यासारख्या टाळ्या वाजवल्या. पळाली बिचारी. हे सगळं जगलं होतं ते एका बाईच्या तोंडामुळं.

ती तिथली राखणदार. मी तिला मावशी म्हणायचे, ती मला बाई. गावाबाहेरच्या वस्तीतली, वीतभर जमीन नाही, नवरा एका बड्या शेतकऱ्याकडं सालगडी. तिला झाडांचं काही विशेष ज्ञान होतं अशातला भाग नाही. कुठलं झाड कुठलं, हे मीच तिला सांगायचे आणि ती विसरायची. तिच्याकडं होता आवाज. कुणाची शेळी काट्यांच्या कुंपणातनं आत शिरली, की मावशी तिच्या मालकाचा, त्याच्या बापाचा आणि आज्याचा असा काही उद्धार करायची, की तो गावात बसल्या जागी ऐकायचा. मोठ्या घरचे लोक तिच्यावर खार खाऊन होते. "जमीन सरकारची अन् तोरा हिचा," म्हणायचे. होताच तोरा. का नसावा? जन्मभर दुसऱ्याच्या बांधावर उभी राहिलेली बाई, पहिल्यांदा कुणाला तरी "हितून निघ" म्हणू शकत होती.

एकदा ती मला स्पष्टच म्हणाली, "बाई, मला दुसरं काय बी नगं. फकस्त ह्या माळावरून मला हलवू नगा."

मी म्हटलं, "कोण हलवतंय मावशी तुम्हाला?"

पण तिचं तिथं राहणं खरोखरच तपासणीवर अवलंबून होतं. प्रकल्पाचा पहिला टप्पा संपत आला होता. मुंबईहून एक तज्ज्ञ येऊन निवडक गायरानं बघणार, आणि जिथं काम बरं दिसेल तिथला पैसा आणि राखणदार पुढं चालू राहणार, असं ठरलं होतं. मला ह्या एका गावाची तरी काळजी नव्हती. झाडं डोळ्यांना दिसतायत, त्यात काय चुकणार? किती भाबडी मी!

तज्ज्ञांची तारीख आधी एकदा ठरून मोडली होती. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. बंद, मोर्चे, बसवर दगड. परभणीतून सरकारी जीप बाहेर काढायची कुणाची छाती नव्हती. मावशीच्या वस्तीतले लोक दिवस कलला की दारं लावून बसायचे, आणि तरी ही बाई सकाळी उठून माळावर जायची, हे मला मागाहून कळलं. वातावरण निवल्यावर मुंबईहून दुसरी तारीख आली. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. मार्गशीर्षातली अमावस्या. येळवस!

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं गावं रिकामी होतात. ज्वारी हुरड्याला आलेली असते, माणसं बायकापोरांसकट रानात जातात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कमरेएवढा कोप करतात. त्यात पाच दगड चुन्यानं रंगवून मांडतात, ते पांडव. त्यांची पूजा करायची, ताकात शिजवलेली आंबील पिकाभोवती शिंपडत फिरायचं आणि मग पोट फुटेस्तोवर जेवायचं. शेंगाभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. वाटेनं जाणारा कुणीही असो, ओळखीचा, बिनओळखीचा, त्याला हाक मारून बसवायचं. त्या दिवशी कुणाला उपाशी जाऊ देणं म्हणजे पाप समजतात.

"साहेब, त्या दिवशी गावात चिटपाखरू भेटणार नाही," मी अधिकाऱ्यांना म्हटलं. "तारीख बदलून मागा."

"सुट्टीच्या यादीत आहे का?"

"यादीत नाही, पण सगळा तालुका रानात असतो."

"यादीत नाही ना? मग झालं तर. एकदा आपल्यामुळं तारीख हुकली. आता काय कळवायचं, आमचे लोक जेवायला गेलेत म्हणून?"

कळवायला काय झालं होतं? खरंच जेवायला गेलेले असतात!

ठरल्या दिवशी निघालो. तज्ज्ञ साहेब, आमचे अधिकारी, मी आणि ड्रायव्हर. तज्ज्ञ तरुण होते, बोलायला गोड, गळ्यात कॅमेरा. रस्ताभर मला पिकांची आणि गवतांची नावं विचारत होते, आणि मी मनात म्हणत होते, चला, माणूस बरा दिसतोय. गावात पोचलो तर मी म्हटलं तीच गत. चावडीला कुलूप, सरपंच शेतात, ग्रामसेवक सासुरवाडीला. पारावर एक म्हातारा तेवढा बसलेला, त्याला धड ऐकूही येत नव्हतं. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी तिरक्या नजरेनं वाचलं. 'लोकसहभाग दिसत नाही.'

"साहेब, आज सण आहे. लोक रानात आहेत."

"हो हो, आलं लक्षात," साहेब हसून म्हणाले. लिहिलेलं मात्र खोडलं नाही.

तिथनं गायरानावर गेलो. झाडांच्या मधोमध मोकळ्या जागेत कडब्याचा कोप उभा होता. आत पांढरेशुभ्र चुना लावलेले पाच दगड. आणि मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात आंबिलीचं गाडगं धरून, लिंबाच्या डहाळीनं झाडाझाडावर शिंपडत फिरत होती. मागं नवरा, त्याच्या मागं सुना आणि नातवंडं.

मला बघून ती लगबगीनं पुढं आली. "आवं बाई, बऱ्या वक्ताला आल्या! औंदा आमी बी येळवस केली बगा. आजवर मालकाच्या रानात शेवटच्या पंगतीला बसायलोत. म्हनलं, एवढा माळ राखायलोय, तर हेच आपलं रान. ह्या झाडास्नी तरी कोन पुजनार?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. 'लोकांना ही झाडं आपली वाटतात का', असा एक प्रश्नच होता आमच्या तक्त्यात. गावोगाव त्याच्यापुढं मी रेघ ओढत आले होते. आज पहिल्यांदा तिथं काहीतरी लिहिता येणार होतं, आणि तेही मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांदेखत. मला इतका आनंद झाला की मीच गाडग्यातली आंबील घेऊन दोन झाडांवर शिंपडली.

साहेब फोटो काढत होते. कोपाचा, दगडांचा, मावशीचा. मग तिनं सगळ्यांना आग्रह करकरून बसवलं. आमचे अधिकारी आढेवेढे घ्यायला लागले. आज पोट बरं नाही म्हणे. वस्तीतल्या बाईच्या हातचं नको, हे तोंडानं म्हणायची सोय नव्हती एवढंच. पण साहेबच मांडी घालून बसले म्हटल्यावर त्यांनाही बसणं आलं. साहेबांनी भज्जी दोनदा मागून घेतली, कशी करतात ते विचारलं, बोटं चाटली. मावशी तोंडाला पदर लावून हसत होती. निघताना तिनं डब्यात खीर घालून दिली ती वेगळीच.

जीप रस्त्याला लागली आणि साहेब म्हणाले, "फार चांगली माणसं आहेत. पण त्या बाईंनी तिथं जागा धरलीय, हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं."

"जागा?"

"झोपडी बांधलीय. हद्दीचे दगड चुना लावून ठेवलेत. आणि ते शिंपडणं म्हणजे पेरणीची पूजा वगैरे असणार."

मला आधी वाटलं, थट्टा करतायत. मग बघितलं तर माणूस वहीत लिहीत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो साहेब, कमरेएवढ्या कोपात माणूस राहील कसा? ते पांडव आहेत, हद्द कसली? एका जागी मांडलेल्या पाच दगडांची हद्द होते का कुठं? तो कडबा उद्या बैल खातील! आज सगळ्या रानांतनं हेच उभं आहे. कुठंही गाडी थांबवा आणि बघा."

ड्रायव्हरलाही राहवलं नाही. "हौ साब, आज येळवस है. सब के खेत में ऐसाच रहता."

साहेब मुळीच रागावले नाहीत. शांत माणसाशी भांडणं फार जिवावर येतं. ते म्हणाले, "मला पटतंय तुमचं. पण बाकीचे लोक हे आपापल्या शेतात करतायत, बरोबर? म्हणजे ज्याची जमीन तो तिथं हे करतो. मग ह्या बाईंनी हे सरकारी जमिनीवर का केलं?"

आता ह्याला काय म्हणावं? उत्तर होतं माझ्याकडं. ते मावशीनंच दिलं होतं, ह्यांच्यासमोर, हातात आंबिलीचं गाडगं धरून. मी ते पुन्हा सांगितलं. "ती म्हणाली ना, हेच आपलं रान."

"तेच तर मी म्हणतोय," साहेब म्हणाले.

मी अधिकाऱ्यांकडं बघितलं. ते खिडकीतून ज्वारी बघत होते.

अहवाल यायच्या आधी मी पानभर टिपण लिहून अधिकाऱ्यांकडं दिलं. येळवस म्हणजे काय, कोप म्हणजे काय, सगळं. त्यांनी ते पूर्ण वाचलं, "भाषा चांगली आहे हो तुमची" म्हणाले आणि कपाटात ठेवून दिलं. त्या कपाटातून पुढं काही जायचं नाही. अहवाल आला तो इंग्रजीतून. झाडं उत्तम, गवत उत्तम, पक्षी उत्तम, आणि शेवटी एक वाक्य. एका कुटुंबानं झोपडी बांधून, हद्दीचे दगड लावून अतिक्रमण केलं आहे, ते हटवावं आणि राखणदार बदलावा. एवढा राखलेला माळ त्या एका वाक्यानं पाण्यात घातला. भज्जीचा कुठं उल्लेख नव्हता.

मावशीला सांगायला मीच गेले, कारण दुसरं कुणी जाईना. ती कुंपणाच्या काट्या सारख्या करत होती. मी सांगितलं.

"कामून?" तिनं विचारलं.

कारण समजावून सांगायला मला अर्धा तास लागला असेल, कारण ते कुणाच्या डोक्यात शिरण्यासारखं नव्हतंच. "कोपात राहायलोय म्हनले? त्या कोपात?" ती परत परत विचारायची. मग म्हणाली, "आन् माज्या हातचं जेवले की वो ते." ती हातातली काटी खाली ठेवून वस्तीकडं निघून गेली.

तिच्या जागी सरपंचांचा पुतण्या आला. त्यानं माळ राखला तो पारावर बसून, पत्ते खेळत. आधी शेळ्या शिरल्या, मग म्हशी, मग कुऱ्हाडी. पुढच्या तपासणीला मी गेले तर लिंबांचे खुंट आणि उघडा मुरूम. कुठले तितर आणि कुठली काळविटं! त्या वर्षीच्या तक्त्यात 'मागील सूचनांवर केलेली कार्यवाही' असा एक नवा रकाना आला होता. तिथं आमच्या अधिकाऱ्यांनी झोकात लिहिलं, 'अतिक्रमण हटविले. समाधानकारक.'

"साहेब, पण झाडं कुठायत?" मी अक्षरशः ओरडले.

"तो रकाना वेगळा आहे, बाई," ते म्हणाले.

जळला मेला तो रकाना! मी तशीच घरी गेले.

पुढं काही वर्षांनी सरकारनं ठरवलं, की गायरानावर पूर्वीपासून अतिक्रमण करून बसलेल्या भूमिहीनांच्या नावे ती जमीन करून द्यायची. निर्णय चांगलाच होता, त्याला मी नावं ठेवत नाही. अट अशी, की अतिक्रमण जुनं असल्याचा सरकारी पुरावा पाहिजे. झालं! ज्यांना कधीकाळी दंड झाला होता, ते दंडाच्या पावत्या दागिन्यासारख्या जपून कचेरीत आणायला लागले. पंचनामा सापडला तर पेढे वाटायचे. आणि ज्याला सरकारनं कधी त्रासच दिला नव्हता, तो डोक्याला हात लावून बसायचा.

असल्याच एका दिवशी मावशी आमच्या खोलीच्या दारात उभी राहिली. एसटीनं आली होती, केस पार पिकले होते. बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "बाई, त्या मुंबईच्या साहेबानं माज्यावर लिवलेला कागूद पायजे."

मी समजले. "मावशी, पण ते खोटं होतं. तुम्ही कुठं अतिक्रमण केलं होतं?"

ती अशी भडकली म्हणता! "खोटं म्या लिवलं का? तुमच्या साहेबानं लिवलं. तवा त्येंचं खोटं चाललं. माजं काम गेलं, माळ गेला. आन् आता माज्या उपेगाला यायची येळ आली, तर तुमाला खरंखोटं सुचायलंय?"

बाई सोळा आणे बरोबर बोलत होती. मी कपाटं उपसून तो अहवाल शोधला, त्या पानाची प्रत काढून घेतली, रजा टाकली आणि तिच्याबरोबर तालुक्याच्या कचेरीत गेले. वाटेत ती मला सांगत होती, थोडीच मागायची, वरचा तुकडा, सगळा माळ नको, लोक काय म्हणतील. मला वाटत होतं, देवा, एवढं एक तरी होऊ दे.

कचेरीतल्या कारकुनानं पान उलटंसुलटं करून बघितलं. "इंग्रजीत आहे."

मी त्याला मराठीत करून सांगितलं.

"नाव कुठंय ह्यात? 'एका कुटुंबानं' म्हणजे कुणी?"

"ह्यांनी. मी तिथं होते. मी लिहून देते."

"तुमच्या लिहून देण्याला काय अर्थ आहे, मॅडम? आणि हा कागद तुमच्या झाडांच्या प्रकल्पाचा. आमच्याकडची नोंद पाहिजे." तो उठला, आत जाऊन गठ्ठा घेऊन आला, धूळ झटकली, त्या गावाची पानं चाळली. शोधलं त्यानं मनापासून, हे मी सांगितलं पाहिजे. मग मान हलवली. "नोटीस नाही, पंचनामा नाही, दंड नाही. ह्या गायरानावर कधी कुणाचं अतिक्रमण झालेलंच नाही."

"मग आमच्या तक्त्यात ते हटवलं असं लिहिलंय ते?"

"झालंच नाही, तर हटवतील कसं?" तो समजावणीच्या सुरात म्हणाला.

मावशी टेबलाच्या कडेला धरून उभी होती. आमच्या बोलण्यातलं तिला कितपत कळत होतं, कोण जाणे. तिनं एकदा त्या गठ्ठ्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"झालंच न्हाई म्हनायलेत," ती म्हणाली. "मग बाई, तवा हाकललं कुनाला?"

कारकुनानं मागच्या माणसाचा कागद घ्यायला हात पुढं केला.